गाडीतला रिकामा कप्पा

पोह्यांचा डबा कप्प्यात असा चपखल बसला, की मी स्वतःसाठीच टाळी वाजवली. आणि मग तो बाहेर निघेना. कप्पा मी नेमका डब्याच्या मापाचा करून घेतला होता. वर फट नाही, बाजूला फट नाही. डबा धरायला माणसाला बोटं लागतात आणि बोटांनाही जाडी असते, हे माझ्या आकृतीत कुठं आलंच नव्हतं. उलथनं घालून पाहिलं, चिकटपट्टी लावून ओढून पाहिलं. शेवटी मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून करकचून ब्रेक मारला, तेव्हा डबा बाहेर आला. झाकण आतच राहिलं. पुढं कितीतरी दिवस त्या गाडीत कुठंही हात घातला की पोहे लागायचे.

कप्पे करून दिले होते शहागंजच्या गल्लीतल्या सलीमभाईंनी. मी तणतणत त्यांच्याकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला. "साब, ऐसी फिटिंग पूरे शहागंज में कोई नै दे सकता. डब्बा अंदर गया तो निकलताच नै! मालूम है, इसकू कारीगरी बोलते." मला भांडायचं होतं, पण माणूस इतका खूश होता की मी चहा पिऊन परत आलो.

उपाय वंदनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काढला. तिनं परकराच्या जुन्या नाड्या जमवल्या. डबा आत सरकवण्याआधी त्याच्या मागून एक नाडी घ्यायची आणि तिची दोन्ही टोकं पुढं लोंबकळत ठेवायची. टोकं ओढली की डबा आपोआप बाहेर. साखरेला लाल नाडी, डाळीला पिवळी, चहाला हिरवी. आजही आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं की आत कुणीतरी परकर वाळत घातलेत असं वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण असं, की दौलताबादच्या रस्त्याला पुन्हा हुरड्याच्या पाट्या लागल्यात. थंडी पडली, ज्वारीची कणसं भरली, की रस्त्याकडेला गोवऱ्यांची आगटी पेटते आणि तो कोवळ्या दाण्यांचा, धुराचा, थोडासा दुधाळ वास गाडीच्या काचा वर असल्या तरी आत येतो. काल मी गाडी धुवायला काढली. आतला पडदा झटकला आणि तो वास पडद्यात होताच. वास नेमका कोणत्या हिवाळ्याचा ते सांगता येणार नाही. पण मला आठवतो तो गाडीचा पहिला हिवाळा.

गाडी तशी म्हातारीच. आमच्याकडं येण्यापूर्वी ती शाळेची मुलं वाहायची. रंग दिला तरी उन्हात तिरपं पाहिलं की पाठीवरची जुनी अक्षरं दिसतात, आणि आतल्या पत्र्यावर कुणीतरी चिकटवलेला हसरा वाघ अजून निघालेला नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घरात भांड्यांचा आवाजही मोठा वाटायला लागला, आणि त्याच सुमारास मी मोबाइलवर परदेशातली माणसं गाडीत संसार करताना पाहायला लागलो. कशी ती फळी ओढतात आणि पलंग होतो, फळी उचलतात आणि ओटा होतो! मी वाळूजच्या एका कारखान्यात नकाशे काढतो. सगळी उमर दुसऱ्यांची यंत्रं मापात बसवण्यात गेली. म्हटलं, एकदा स्वतःचा संसार मापात बसवून पाहू.

वंदनाला विचारलं तर म्हणाली, "घरातलं कपाट आधी आवरा."

तरी ती सामील झाली, आणि सामील झाल्यावर तिनं ताबाच घेतला. माझी पद्धत अशी, की प्रत्येक वस्तूला तिचं घर. तिची पद्धत अशी, की कोणत्याही भांड्यानं रिकामं बसायचं नाही. कुकरमध्ये पातेलं, पातेल्यात डाळीचा डबा, डाळीच्या डब्यात मसाल्याच्या पुड्या, आणि पुड्यांच्या मधल्या जागेत सुई-दोरा. आमचे कपडे गुंडाळ्या करून उशांच्या अभ्र्यात गेले, त्यामुळं दोन दिवसांनी उशी पातळ व्हायची आणि मान आखडली की समजायचं, कपडे धुवायला झाले. राखीव चाकाच्या पोकळीत बटाटे. मुलीच्या जुन्या जीन्सचे पाय कापून तिनं सीटच्या पाठीला शिवले. त्या खिशांत कांदे, टॉर्च, कंगवा, वर्तमानपत्र. मी वेरूळला चहा करायला बसलो तेव्हा चहाची पूड सापडेना. हिरवी नाडी ओढली तर डबा रिकामा. फोनवर विचारलं. बाईसाहेब देवळात होत्या, तिथून कुजबुजल्या, "तुमच्या पावसाळी बुटात बघा. डाव्या." डाव्या बुटात पूड होती आणि उजव्यात आलं. त्या दिवशीचा चहा चांगला झाला होता, हे कबूल करायला हवं.

त्या हिवाळ्यापर्यंत गाडीतली जागा संपवायचा आम्हां दोघांना नादच लागला होता. कुठं बोटभर पोकळी दिसली की मी अस्वस्थ व्हायचो. दरवाज्याच्या आतल्या बाजूला पोळपाट, छताला जाळी, जाळीत गोधड्या. एक दिवस असा आला की ठेवायला वस्तू होती, पण पोकळी नव्हती. मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि मला शिल्पकाराला वाटत असेल तसं काहीतरी वाटलं.

आणि अशी ठासून भरलेली गाडी घेऊन आम्ही सोयगावला अण्णांना आणायला गेलो.

अण्णा म्हणजे वंदनाचे वडील. शेतकरी माणूस. सासूबाई गेल्यापासून एकटेच. मुलगा बंगळुरूला, तिथं त्यांचा जीव रमत नाही. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसऱ्यात सुरुवात होती. "कापूस झाला की करू," मग "तूर निघाली की करू," असं करत वर्षं गेली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात विहिरीच्या काठावर त्यांचा पाय चुकला. शेजाऱ्यानं दंड धरला म्हणून निभावलं. हे त्यांनी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हापासून वंदनाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

ऑपरेशन शहरात करायचं, मग महिनाभर थेंब घालायचे, मधूनमधून डॉक्टरांना दाखवायचं. म्हणजे मुक्काम आमच्याकडं. आणि अडलं होतं ते तिथंच. अण्णा लेकीच्या घरी मुक्काम करत नाहीत. त्यांच्या वडलांनी केला नाही, आजानं केला नाही. आमची मुलगी झाल्यावर ते आमच्याकडं जेवायला लागले, एवढी सवलत. पण सकाळच्या एसटीनं यायचं आणि दिवस मावळायच्या आत परतीच्या एसटीत बसायचं. वंदना रडली, चिडली, अबोला धरला. "लेकीच्या उंबऱ्याच्या आत पाठ टेकायची नाय, पोरी. माझ्यानं व्हणार नाय," एवढंच ते म्हणायचे, आणि तेही अगदी मऊ आवाजात. त्या मऊपणापुढं काही चालायचं नाही.

मग एकदा फोनवर वंदना म्हणाली, "अण्णा, घरी नका राहू. गाडीत राहा. गाडीला उंबरा नसतो."

पलीकडून उत्तर आलं, "हे मातर खरं हाय."

तर अण्णा तयार झाले ते असे, आमच्या गाडीच्या जिवावर. आम्ही पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसूनच होते. गादीखाली ठेवून इस्त्री केलेलं धोतर, टोपी, शेजारी कापडी पिशवी. कापसाचे दिवस. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना, ट्रॅक्टर घासून गेले तिथं तिथं, कापूस लागलेला. अण्णा उठले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "बघू तर खरं, काय केलंय जावईबापूंनी."

एवढं म्हणायचा अवकाश. मी दार सरकवलं आणि प्रदर्शन सुरू केलं. फळी ओढून पलंग केला, फळी उचलून ओटा केला. नाड्या ओढून दाखवल्या. चाकातले बटाटे दाखवले. आणि शेवटी, ज्या वाक्यासाठी मी एवढ्या लांब आलो होतो ते वाक्य म्हटलं, "अण्णा, सुई ठेवायलाही जागा शिल्लक ठेवली नाही बघा!"

अण्णांनी मान थोडी तिरपी करून, चांगल्या डोळ्यानं सगळं नीट पाहून घेतलं. "व्हय. लई बेस केलंय," म्हणाले. मग ओट्याकडं गेले, पिशवी होती तिथं परत ठेवली. "वंदे, तुम्ही व्हा फुडं. कापसाची येक वेचणी राहिलीया अजून. मी येतो मागनं, एसटीनं."

मी त्यांना वेचणीला गडी लावायचं सुचवणार होतो. तेवढ्यात वंदनाकडं लक्ष गेलं. माझ्या बायकोचं तोंड मी अनेक रंगांत पाहिलंय, पण ते तसं कधी नव्हतं. वर्षानुवर्षं अडलेला माणूस पिशवी घेऊन दारापर्यंत आला होता, आणि जावयानं त्याला दार उघडून दाखवलं होतं की जागा नाही.

आमच्याकडं पाहुणा येवो न येवो, एक भाकरी जास्तीची टाकतात. आलेल्याला "या, जागा आहे" म्हणायला लागू नये, ती दिसली पाहिजे. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ह्याच मातीतला. पण माणूस एकदा मापात शिरला की त्याला माणसं दिसत नाहीत, कोपरे दिसतात.

वंदना पदर खोचून गाडीत चढली. "अहो, ही खुर्ची घ्या," एवढंच ऐकू आलं. घडीची खुर्ची उतरली. तिच्या मागं माझी दुर्बीण, माझी अवजारांची पेटी, माझी घडीची चूल, चुलीचा वारा अडवायचा पत्रा. सगळं अण्णांच्या खोलीत जाऊन पडलं. खिडकीजवळचा, हात टाकला की पोचेल असा, सगळ्यांत चांगला कप्पा तिनं पार रिकामा केला, पदरानं पुसला आणि तसाच ठेवला.

"हा अण्णांचा," ती म्हणाली.

"अगं, माझं काय मोठं सामान हाय? पिशवी मांडीवर बसती."

"बसू दे मांडीवर. कप्पा तुमचा."

अण्णांनी पिशवी पुन्हा उचलली. मग घराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि गाडीत येऊन बसले. पिशवी मांडीवर. कप्प्यात काही नाही.

अजिंठ्याचा घाट चढताना मी आरशातून पाहायचो, तर ती रिकामी चौकट शेजारी आणि पिशवीला कवटाळून बसलेले अण्णा. इकडं माझ्या पायाशी थर्मास लवंडत होता. घाट संपल्यावर थांबलो तेव्हा मी तो हळूच रिकाम्या कप्प्यात सरकवायला गेलो. "हात काढा," वंदना म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलंही नव्हतं.

फुलंब्रीच्या अलीकडं वंदनाच्या आत्याचं शेत. आगटी पेटलेली होती. आत्या गरम कणीस तळहातावर घेऊन अशी चोळते की तिला चटका बसत नाही, फक्त फुंकर मारते आणि हिरवे दाणे आपल्या हातावर येतात. शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. अण्णांचा हात चटणीच्या वाटीशेजारी जमिनीवर टेकला. आत्यानं वाटी उचलून त्यांच्या हाताखाली ठेवली.

"काय रं दादा, कुठं निघालास?"

"कुठं नाय. गाडीत बसून यावं म्हटलं."

"लेकीकडं राहणार व्हय? मंग आता तुझा नेम कुठं गेला?"

"लेकीकडं नाय. गाडीत राहणार."

"अन् गाडी कुणाची रं?"

अण्णांनी दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. "गाडी रस्त्याची."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. पण निघताना तिनं अण्णांच्या पाठीवरून हात फिरवला. मग शेत गाडीत भरायला सुरुवात केली. तुरीच्या शेंगा, बोरं, वांगी, मुळे, हरभऱ्याची जुडी, एक भोपळा. नको म्हणायची सोय नाही, हे या भागात लहान पोरालाही कळतं. राहिलेल्या रस्त्यात माझ्या बायकोच्या मांडीवर भोपळा होता, मी क्लच दाबला की वांगं दाबलं जायचं, बोरं छताच्या जाळीतून एकेक करून डोक्यात पडत होती. आणि खिडकीजवळचा कप्पा रिकामा. अण्णा त्याच्याकडं बघत होते. एका डोळ्यानं का होईना, बघत होते.

सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी उभी राहिली आणि अण्णांचा मुक्काम सुरू झाला. त्यांना सोबत म्हणून मी गाडीत झोपायला लागलो. सकाळी मी गोधडी लपेटून, विस्कटलेल्या केसांनी, दात घासायचा ब्रश घेऊन गाडीतून उतरायचो आणि समोरचे शेजारी फाटकातून निघत असायचे. "काय साहेब, वहिनींनी बाहेर काढलं का?" पहिल्या दिवशी मी सविस्तर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून नुसतं "हो" म्हणायला लागलो. ते सोपं पडायचं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काळा चष्मा लावून अण्णा पार्किंगमध्ये आले तेव्हा वॉचमननं त्यांना सलाम ठोकला. मग थेंबांचं रामायण. वंदना दिवसातून कितीतरी वेळा जिना उतरायची, थेंब घालायची, डोळे मिटून पडून राहा म्हणायची, जिना चढायची. तिचे गुडघे दुखायला लागले तसं अण्णांच्या लक्षात आलं; त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. थंडी वाढली. गाडीचा पत्रा पहाटे असा गार व्हायचा की अण्णा झोपेत खोकायचे. "वर चला," असं आमच्यापैकी कुणीही म्हणायचं नाही. म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी सोयगावच्या एसटीत दिसले असते, काळ्या चष्म्यासकट.

त्याच दिवसांत कप्पा भरायला लागला. आधी थेंबांची बाटली आली. मग टोपीची जोडी म्हणून कानटोपी. मग एक तेलाची बाटली, एक छोटा आरसा. एका सकाळी पाहतो तर डिंकाच्या लाडवांची बरणी, तिच्याशेजारी गुंडाळून ठेवलेला स्वेटर. मला गंमत वाटायची. म्हातारा एवढीशी पिशवी मांडीवर घेऊन आला आणि त्यातून निघतंय काय काय! आम्ही महिनाभर डोकं लढवून जे साधलं नव्हतं ते अण्णांना उपजत येतं, असं मी ऑफिसात सांगितलंसुद्धा. पुढं रेडिओ आला, शेकायची रबरी पिशवी आली, मफलर कप्प्याबाहेर लोंबायला लागला. मी एक नाडी बांधून दिली.

आणि एका दुपारी मी वर जायला निघालो तर अण्णांनी हाक मारली.

"जावईबापू, हितं काय पुरंना बघा."

"काय पुरेना, अण्णा?"

"जागा. येवढं सामान घेऊन माणसानं गाडीत राहणं बरं दिसत नाय." त्यांनी चष्मा सारखा केला. "वर एखादा कोपरा हाय का? सामान ठिवाया?"

मी "आहे" म्हणालो की नाही, मला आठवत नाही. रेडिओ, बरणी आणि रबरी पिशवी छातीशी धरून मी जिना चढलो, हे आठवतं. अण्णा मागं, कठड्याला धरून, एकेक पायरी. दारात वंदना उभी होती. तिनं "या" म्हटलं नाही. नुसती बाजूला सरकली. अण्णा उंबऱ्याशी थांबले, चौकटीला हात लावला, खाली बघितलं. नव्या डोळ्याला उंबरा नीट दिसत असणार. "सामानासंगं आलोय," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले आणि आत आले. त्या दुपारी ते मुलीच्या खोलीत असे झोपले, की चहा दोनदा गरम करावा लागला. परत गेले ते होळीला, दोन्ही डोळे करूनच.

अण्णा वर आले त्या दिवशी संध्याकाळी वंदना आत्यानं दिलेल्या तुरीच्या राहिलेल्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून माझं तत्त्वज्ञान सुरू केलं. एका पिशवीत किती मावतं, आणि एका कप्प्यानं कसं काम केलं, आणि अण्णांकडून हे भरायचं तंत्र शिकून घेतलं पाहिजे वगैरे. ती ऐकत राहिली. दाणे ताटात टाकत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यांच्या पिशवीत एक धोतर, एक टॉवेल अन् आईचा फोटो होता, अहो. बाकी सगळं थेंब घालायला जाताना मी एकेक करून खाली नेलं. कप्पा पुरला असता, तर अण्णा वर कशाला आले असते?"